क्षारपड शेतासाठी गव्हाचा वाण : ऊती संवर्धनाची चाचणी केव्हा करावी, निकाल कसा वाचावा

भोपाळच्या आनंद नगरातून रायसेन रस्त्याने शहराबाहेर पडले की गव्हाची शेते सुरू होतात. या पट्ट्यातल्या मराठी वाचकांकडून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. जैवतंत्रज्ञान शिकणारे विद्यार्थी विचारतात, ‘‘ऊती संवर्धनातून गव्हाच्या वाणांची क्षार सहनशीलता तपासायची आहे, सुरुवात कुठून करू?’’ शेती असलेली मंडळी विचारतात, ‘‘बोअरच्या पाण्याने जमिनीवर पांढरी पापडी धरते आहे. प्रयोगशाळेत मिठाला टिकलेला वाण पेरला तर भागेल का?’’

दोन्ही प्रश्नांमागे गल्लत एकच आहे. बाटलीत टिकले ते शेतात टिकेल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ऊती संवर्धनात, म्हणजे बाटलीतल्या पोषक माध्यमावर पेशी वाढवताना, आपण पेशीची परीक्षा घेतो आणि शेतात परीक्षा होते ती मुळापासून ओंबीपर्यंतच्या अख्ख्या झाडाची. या दोन परीक्षा वेगळ्या ठेवल्या, तर प्रयोगशाळेतले काम उपयोगी पडते. एकत्र केल्या, तर विद्यार्थ्याचे वर्ष जाते आणि शेतकऱ्याचा हंगाम.

आधी ठरवा : ही चाचणी तुम्हाला हवी आहे का?

- तुम्ही शेतकरी असाल आणि पुढच्या हंगामासाठी बियाणे निवडायचे असेल, तर ऊती संवर्धनावर पैसे घालू नका. माती व पाण्याची तपासणी करा आणि खाली दिलेली कुंडीतली चाचणी घ्या.
- तुम्ही विद्यार्थी असाल आणि थोड्या वाणांची पेशीपातळीवर तुलना करायची असेल, तर ही पद्धत योग्य आहे. जागा कमी लागते, हंगामाची वाट पाहावी लागत नाही, मिठाचे प्रमाण नेमके ठेवता येते.
- मिठात वाढवलेल्या पेशींतून नवे, अधिक सहनशील झाड मिळवायचे असेल, तर ऊती संवर्धनाची खरी ताकद इथेच आहे. मात्र हे काम एका सत्रात संपत नाही. पुढच्या पिढीचे बी तपासल्याशिवाय त्याचा निकाल लागत नाही.
- शेकडो वाणांतून झटपट चाळणी करायची असेल, तर खारट पोषक द्रावणात रोपे वाढवून केलेली तपासणी स्वस्त पडते आणि झाडाच्या वागण्याच्या जास्त जवळ जाते.

जमिनीत नेमका कोणता दोष आहे?

क्षारपड हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या जमिनी येतात.

- क्षारयुक्त जमीन : संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू ८.२ पेक्षा कमी. विरघळणाऱ्या क्षारांमुळे मुळांना पाणी ओढणे जड जाते.
- चोपण जमीन : सामू ८.२ पेक्षा जास्त, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक. मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही, मुळे गुदमरतात. काळ्या भारी जमिनीत सोडियम १५ टक्क्यांच्या खाली असतानाही निचरा बिघडू लागतो.

देशपातळीवरच्या वर्गीकरणात मध्य प्रदेशातील क्षारपड क्षेत्र सुमारे १.४ लाख हेक्टर धरले आहे आणि ते सगळे चोपण गटात येते. महाराष्ट्रातील सुमारे ६.०७ लाख हेक्टरपैकी ४.२३ लाख हेक्टर चोपण आहे. म्हणजे आपल्याकडे मोठा प्रश्न साध्या मिठाचा नसून सोडियम, चढा सामू आणि तुंबलेले पाणी यांचा आहे. ऊती संवर्धनाच्या माध्यमाचा सामू मात्र ५.८ ठेवतात आणि त्यात सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठ, घालतात. अशी चाचणी चोपण जमिनीचे उत्तर देऊच शकत नाही. तुमच्या शेताचा सामू ९ असेल, तर पहिला उपाय वाण बदलणे हा नाही. निचरा सुधारा आणि माती परीक्षणाने ठरवलेल्या मात्रेत जिप्सम द्या. वाणाची निवड त्यानंतर येते.

माती परीक्षणाचा कागद वाचताना एक खबरदारी घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत विद्युत वाहकता दिलेली असते, पण ती बहुधा माती पाण्यात कालवून केलेल्या पातळ अर्कातली असते. तो आकडा वरच्या ४ या मर्यादेशी थेट ताडून पाहू नका. पातळ अर्कात तो बराच कमी दिसतो. आकडा कोणत्या अर्कातला आहे, हे प्रयोगशाळेला विचारून कागदावर लिहून घ्या.

बोअरच्या पाण्याचीही तपासणी करा. त्यात विद्युत वाहकता, सोडियम शोषण गुणोत्तर आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट या तीन गोष्टी मागा. शेवटचा आकडा दर लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत चालतो, २.५ च्या वर पाणी सिंचनाला अयोग्य मानतात. पाण्यातच दोष असेल, तर चांगला वाणही फार काळ तग धरणार नाही.

कोणते वाण घ्यावेत?

तुलना करायची तर दोन्ही टोकांचे साक्षीदार वाण हवेत. एक सहनशील म्हणून सिद्ध झालेला, एक नाजूक म्हणून माहीत असलेला. हे दोन नसतील, तर तुमच्या मधल्या वाणांच्या आकड्यांना मोजपट्टीच उरत नाही.

- सहनशील साक्षीदार : राजस्थानच्या पाली भागातल्या देशी गव्हातून आलेला खारचिया ६५. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने खारचिया ६५ आणि डब्ल्यूएल ७११ यांच्या संकरातून केआरएल १-४ काढला. केआरएल १९, केआरएल २१०, केआरएल २१३ आणि केआरएल २८३ हे त्याच संस्थेचे पुढचे वाण.
- नाजूक साक्षीदार : संशोधनात यासाठी एचडी २००९ पुष्कळदा वापरतात.
- स्थानिक वाण : तुमच्या भागात खरोखर पेरले जाणारे घ्या. लोक-१, जीडब्ल्यू ३२२, शरबती गटातला सुजाता, इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचे एचआय १५४४ (पूर्णा) आणि एचआय ८७५९ (पूसा तेजस) यांतून निवड करता येईल. महाराष्ट्रातल्या वाचकांनी निफाडच्या केंद्राचे वाण धरावेत.

पूसा तेजस हा बन्सी म्हणजे कठिया गहू आहे, बाकीचे साधे गहू. बन्सी गहू सोडियम पानांपासून दूर ठेवण्यात सहसा कमी पडतो. म्हणून दोन्ही जातींचे गहू एका यादीत मिसळून ‘पहिला, दुसरा’ असे क्रमांक लावू नका. त्यांची तुलना वेगवेगळी मांडा.

सगळ्या वाणांचे बियाणे एकाच हंगामातले आणि शक्यतो एकाच शेतावरचे असावे. एका वाणाचे बी ताजे आणि दुसऱ्याचे तीन वर्षांचे असेल, तर तुम्ही क्षार नव्हे, बियाण्याचे वय मोजाल.

पक्व भ्रूण की अपक्व भ्रूण?

अपक्व भ्रूणापासून कॅलस, म्हणजे पेशींचा वाढता गोळा, चांगला मिळतो आणि त्यातून रोपे फुटण्याचे प्रमाणही चांगले असते. त्यासाठी परागण झाल्यानंतर १२ ते १६ दिवसांच्या ओंब्या लागतात. भोपाळकडे नोव्हेंबरात पेरलेला गहू जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत फुलतो. म्हणजे तुमच्या हातात वर्षातले जेमतेम काही आठवडे येतात. ते चुकले, की वर्ष गेले.

पक्व भ्रूण कोरड्या दाण्यातून केव्हाही काढता येतो. रोपे फुटण्याचे प्रमाण कमी असले, तरी सत्राच्या वेळेत बसणारा मार्ग हाच आहे. प्रबंधासाठी पक्व भ्रूण धरा. नवे झाड मिळवण्याचा बेत असेल, तर पेरणीची तारीख दोन-तीन टप्प्यांत ठेवून अपक्व भ्रूणांची सोय करा.

चाचणीच्या पायऱ्या

1. दाणे निर्जंतुक करणे. बुरशीनाशक लावलेले बी असेल, तर आधी वाहत्या पाण्यात नीट धुवा. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ मिनिट, त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात १५ ते २० मिनिटे. शेवटी निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवा. पुष्कळ जुन्या कृतींत मर्क्युरिक क्लोराइड सांगितलेले असते. ते पाऱ्याचे विष आहे. हायपोक्लोराइटने काम होत असेल, तर ते हाती घेऊ नका. वापरलेच, तर द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.
2. माध्यम तयार करणे. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये मांडलेले एमएस माध्यम वापरा. लिटरला ३० ग्रॅम साखर, २ मिलिग्रॅम २,४-डी (वाढ संप्रेरक) आणि ७ ते ८ ग्रॅम अगार. मीठ आधी घाला, मग सामू ५.८ वर आणा आणि त्यानंतर अगार टाका. १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा.
3. मिठाच्या पातळ्या ठरवणे. लिटरमागे प्रमाण असे धरा :
   - ० मिलिमोल : मीठ नाही
   - ५० मिलिमोल : २.९२ ग्रॅम
   - १०० मिलिमोल : ५.८४ ग्रॅम
   - १५० मिलिमोल : ८.७७ ग्रॅम
   - २०० मिलिमोल : ११.६९ ग्रॅम
4. भ्रूण ठेवणे. दाणा मऊ झाल्यावर भ्रूण सुटा काढा आणि त्याची स्क्युटेलमची, म्हणजे ढालीसारख्या भागाची, बाजू वर राहील असा ठेवा. एका पेट्री डिशमध्ये १० भ्रूण, दर वाण आणि दर पातळीला निदान चार डिश. डिशची कड पॅराफिल्मने बंद करा. पाणी उडाले, तर माध्यमातले मीठ आपोआप वाढते.
5. कॅलस वाढवणे. अंधारात, २५ अंश सेल्सिअसला, तीन ते चार आठवडे. एप्रिल-मे महिन्यांत भोपाळचा पारा ४० च्या वर जातो. वीज गेली आणि वातानुकूलन थांबले, तर उष्णतेचा ताणही क्षाराच्या खात्यात जमा होतो. खोलीचे तापमान रोज नोंदवा.
6. रोपे फुटवणे. २,४-डी काढून किंवा अगदी कमी करून कायनेटिन किंवा बीएपी असलेल्या माध्यमावर कॅलस हलवा आणि दिवसाला १६ तास उजेड द्या. मुळांसाठी निम्म्या ताकदीचे एमएस माध्यम पुरते.

मिठाच्या पातळ्यांचा शेताशी संबंध लावायचा, तर १० मिलिमोलला साधारण १ डेसिसायमन असा मोघम हिशोब धरा. गव्हाचे उत्पादन संपृक्त अर्काची वाहकता ६ च्या वर गेली की घटू लागते, असे सर्वमान्य कोष्टक आहे. शेतात वाफसा असताना मुळांभोवतीचे पाणी त्या अर्कापेक्षा साधारण दुप्पट खारट असते. म्हणून १०० ते १५० मिलिमोलचा पट्टा वाणांतला फरक दाखवण्यासाठी महत्त्वाचा ठरतो. २०० ला बहुतेक वाण खूपच खचतात, तिथे तुलना फारशी उरत नाही.

काय मोजायचे?

- कॅलस धरण्याचे प्रमाण : ठेवलेल्या भ्रूणांपैकी कितींना कॅलस आला.
- वाढ : शेवटच्या वजनातून सुरुवातीचे वजन वजा करून त्याला सुरुवातीच्या वजनाने भागा.
- सुके वजन : ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ४८ तास वाळवून. खारट माध्यमात कॅलसमधले पाणीच कमी होते, म्हणून फक्त ओले वजन फसवते.
- सोडियम आणि पोटॅशियम : फ्लेम फोटोमीटरवर. पेशीत पोटॅशियमचे सोडियमशी प्रमाण टिकून राहणे ही चांगली खूण आहे.
- रोपे फुटण्याचे प्रमाण : मिठाविना आणि मिठासह, दोन्ही.

प्रोलीन हे अमिनो आम्ल मोजण्याचा आग्रह पुष्कळ ठिकाणी धरला जातो. मोजायला हरकत नाही, पण ‘प्रोलीन जास्त म्हणजे वाण सहनशील’ असे लिहू नका. जास्त त्रास झालेल्या पेशीतही प्रोलीन वाढते. वाढीच्या आकड्यांनी दुजोरा दिला, तरच त्याला अर्थ आहे.

निकाल वाचताना इथे घसरू नका

टक्केवारीचा फसवा क्रमांक. समजा, ‘अ’ वाणाचा १०० मिलिग्रॅमचा कॅलस साध्या माध्यमात १८० झाला आणि मिठात १६०. ‘ब’ वाणाचा साध्यात ४०० आणि मिठात २५०. मिठातली वाढ साध्यातल्या वाढीच्या किती टक्के, असे पाहिले तर ‘अ’ ७५ आणि ‘ब’ ५० ठरतो. पण मिठात प्रत्यक्ष जास्त वाढला तो ‘ब’. ‘अ’ मुळातच मंद आहे. म्हणून टक्केवारीसोबत मूळ वजनेही नेहमी छापा.

रोपे न फुटणे म्हणजे नाजूकपणा नव्हे. कॅलसमधून रोपे फुटण्याची क्षमता वाणावाणांत वेगळी असते. साध्या माध्यमातही जो वाण फुटत नाही, त्याला क्षाराच्या नावाने नापास करू नका.

मुळाचे काम बाटलीत दिसत नाही. सर्वांत मोठी मर्यादा हीच. गव्हाची क्षार सहनशीलता बऱ्याच अंशी मुळे सोडियमला पानांकडे जाण्यापासून किती अडवतात, यावर ठरते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेत रॅना मन्स आणि सहकाऱ्यांनी बन्सी गव्हात हे काम करणारे एक जनुक साध्या संकराने आणले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार खारट शेतात धान्याचे उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढले. कॅलसला मुळे नाहीत आणि रसवाहिन्याही नाहीत. त्यामुळे हा गुण असलेला आणि नसलेला, दोन्ही वाण बाटलीत सारखेच दिसू शकतात.

सवय आणि गुण यांत फरक करा. मिठात महिनोन्महिने ठेवलेला कॅलस कधी कधी फक्त सरावतो. त्याला दोन-तीन वेळा मीठ नसलेल्या माध्यमावर वाढवा आणि पुन्हा मिठावर आणा. टिकला, तर पुढे जा. तरीही झाडाच्या बियांतून पुढच्या पिढीत गुण उतरला, तरच तो खरा बदल.

बाटलीतून कुंडीत, कुंडीतून शेतात

ही पायरी विद्यार्थी आणि शेतकरी, दोघांसाठी आहे. घरच्या अंगणातही करता येते.

1. शेतातल्या खराब पट्ट्यातली आणि चांगल्या पट्ट्यातली माती वेगवेगळी आणा. खराब माती ‘सुधारू’ नका.
2. तीन-चार वाण घ्या. प्रत्येक वाणाच्या प्रत्येक मातीत चार कुंड्या ठेवा आणि कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला बदला.
3. पाणी तुमच्या बोअरचेच द्या.
4. बारा दिवसांनी उगवण मोजा, चाळीस दिवसांनी फुटवे, शेवटी दर कुंडीतल्या दाण्यांचे वजन करा.
5. चांगला ठरलेला वाण पुढच्या हंगामात शेतात थोड्या ओळींत पेरा. ओळी चांगल्या पट्ट्यातून खराब पट्ट्यात जातील अशा ठेवा आणि शेजारी तुमचा नेहमीचा वाण ठेवा.

केआरएल गटातील वाण आणायचा मोह होईल. त्यांची पारख मुख्यतः उत्तरेच्या मैदानी जमिनींत झालेली आहे. माळव्यातली आणि विदिशा-रायसेनकडची भारी काळी जमीन आणि आखूड थंडी त्यांना कितपत मानवते, हे तुमच्या ओळींतच पाहा. पहिल्याच वर्षी सगळे रान त्या वाणाखाली घालू नका.

भोपाळ परिसरात कोणाकडे जावे?

- माती आणि पाणी : बैरसिया रस्त्यावर नबीबागेत भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. शेजारच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत कृषी विज्ञान केंद्राकडूनही सल्ला मिळतो.
- गहू : सीहोरचे कृषी महाविद्यालय, नर्मदापुरमजवळचे पवारखेडा केंद्र आणि इंदूरचे गहू संशोधन केंद्र.
- चोपण काळी जमीन : या विषयावर इंदूर आणि बडवाह इथे दीर्घकाळ काम झाले आहे.
- फोनवर सल्ला : किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१.

खासगी प्रयोगशाळेत प्रकल्पासाठी पैसे भरण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा. कॅलस मला स्वतः करायला मिळणार की तयार आकडे मिळणार? साक्षीदार वाण कोणते? बुरशीने डिश वाया गेल्या, तर पुन्हा संधी मिळेल का? मूळ नोंदवही कोणाकडे राहील? तयार आकडे देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. त्या आकड्यांखाली तुमचे नाव येणार आहे आणि त्यांचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

तुमचे हक्क

- संशोधकाचा हक्क : पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत वाण प्रयोगासाठी वापरायला मालकाची परवानगी लागत नाही. नवा वाण व्यापारी तत्त्वावर काढण्यासाठी तो पालक म्हणून पुन्हा पुन्हा वापरावा लागणार असेल, तर मात्र लागते.
- शेतकऱ्याचा हक्क : कलम ३९ प्रमाणे संरक्षित वाणाचे घरचे बी राखणे, पेरणे, देणे-घेणे आणि विकणे हा तुमचा हक्क आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.
- भरपाईचा हक्क : संरक्षित वाणाच्या विक्रेत्याने अमुक परिस्थितीत अमुक उत्पादन येईल असे सांगितले आणि ते आले नाही, तर त्याच कलमाखाली भरपाई मागता येते. ‘क्षार सहनशील’ हा शब्द जाहिरातीत असेल, तर कोणत्या वाहकतेपर्यंत आणि कोणत्या सामूपर्यंत, हे लेखी घ्या.
- ग्राहक म्हणून हक्क : बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पक्के बिल, पिशवीवरचे लेबल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा.

वर्षाचे वेळापत्रक

- मे-जून : रान मोकळे असताना माती आणि पाणी तपासा. क्षारयुक्त की चोपण, हे ठरवा.
- पावसाळ्याआधी : चोपण असेल, तर जिप्सम आणि निचऱ्याचे चर.
- जुलै ते ऑक्टोबर : विद्यार्थ्यांनी पक्व भ्रूणांवरची चाचणी उरकावी. साक्षीदार वाणांचे बी मिळवण्यासाठी अर्ज याआधीच करावा.
- नोव्हेंबर : कुंड्या आणि शेतातल्या ओळी पेराव्यात. अपक्व भ्रूणांसाठीची पेरणी टप्प्याटप्प्याने करावी.
- फेब्रुवारी : अपक्व भ्रूण काढण्याची वेळ.
- मार्च-एप्रिल : दाण्यांचे वजन. बाटलीतला क्रम आणि दाण्यांचा क्रम शेजारी शेजारी मांडा.

हे दोन क्रम जुळले, तर तुमची प्रयोगशाळेतली पद्धत तुमच्या भागासाठी पुढेही कामी येईल. जुळले नाहीत, तरी विद्यार्थ्यांनी ते प्रामाणिकपणे छापावे, कारण पुढच्या संशोधकाचे कष्ट त्याने वाचतील. शेतकऱ्यांनी मात्र अशा वेळी दाण्यांच्या वजनावरच विश्वास ठेवावा आणि त्याच वाणाचे बी पुढच्या वर्षासाठी राखावे.